आधी गावचं कॉलेज, मग विद्यापीठ : अनगोळच्या कॉमर्सवाल्यांची हकिगत



आपल्या ग्रुपवर अनगोळच्या तालमी, सुगीचे दिवस, बासमती तांदळाचा वास, जुन्या शाळा यांवर भरपूर लिहून झालंय. आमच्या पिढीच्या कॉलेज-शिक्षणाबद्दल मात्र फारसं कुणी लिहिलं नाही. त्यातही कॉमर्सबद्दल तर नाहीच. डॉक्टर-इंजिनिअर झालेल्यांचे सत्कार होतात, पण बेळगावच्या दक्षिण भागातली कितीतरी घरं वर आली ती जमाखर्च शिकलेल्या पोरांच्या पगारावर. मी स्वतः त्यातलाच. वाणिज्य पदवीधर, एका राष्ट्रीयीकृत बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त, वय पंचाहत्तर. आठवतंय तोवर लिहून ठेवावं म्हणून हा प्रपंच. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

विषय नेमका सांगतो. आमच्यातले बहुतेकजण थेट विद्यापीठात गेले नाहीत. आधी घरून चालत जाता येईल अशा कॉलेजात शिकले, आणि ज्यांना जमलं ते पुढे धारवाडला, कोल्हापूरला किंवा पुण्याला गेले. ही दोन टप्प्यांची वाट कशी तयार झाली, तिच्यावरून कोण गेलं आणि कोण मध्येच थांबलं, हे सांगायचं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. कॉमर्स कॉलेज येण्याआधी हिशेब नव्हते असं थोडंच आहे? रविवार पेठेतल्या अडत दुकानांत, शहापूरच्या सुताच्या व्यापाऱ्यांकडे दिवाणजी असायचे. माझे वडील त्यांपैकी एक. शिक्षण मराठी चौथी, अक्षर मोडी, आणि कीर्द-खतावणी अशी की वर्षाअखेर पैचा फरक निघायचा नाही. त्यांच्या चोपड्यांना रेघा नसायच्या. कागदाला घड्या घालून सळ पाडायचे आणि त्या सळांवरच रकाने धरायचे. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. ही विद्या दुकानात गादीशेजारी बसूनच मिळायची. त्याला प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून एका पेठेतून उठून दुसऱ्या गावात त्याची किंमतही नव्हती.

हीच विद्या कॉलेजात शिकवायची कल्पना आपल्याकडे १९१३ साली प्रत्यक्षात आली. मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झालं. आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज म्हणून त्याची ओळख आहे. पर्सी अ‍ॅन्स्टी हे तिथल्या सुरुवातीच्या प्राचार्यांपैकी एक. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यानंतर तीस वर्षं आपल्या भागातल्या मुलाला बी.कॉम. व्हायचं तर मुंबई गाठण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. १९४३ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने पुण्यात बृहन्महाराष्ट्र कॉलेज ऑफ कॉमर्स काढलं, तेव्हा वाट थोडी जवळ आली. तरी अनगोळच्या शेतकऱ्याच्या किंवा वडगाव-खासबागच्या विणकराच्या पोराला पुणे काय आणि मुंबई काय, दोन्ही सारखीच लांब.

बेळगावात कॉलेजं हळूहळू आली. १९१६ साली सात शिक्षकांनी मिळून केएलई संस्था स्थापन केली, तिचं लिंगराज कॉलेज १९३३ चं. टिळकवाडीत साउथ कोकण एज्युकेशन सोसायटीचं राणी पार्वतीदेवी कॉलेज १९४५ चं, म्हणजे आपलं आरपीडी. पु. ल. देशपांडे काही काळ या कॉलेजात प्राध्यापक होते, हे बेळगावकर पाहुण्याला स्टेशनवरून घरी आणेपर्यंत एकदा तरी सांगतातच. ही सगळी कॉलेजं सुरुवातीला मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. १९४९ मध्ये पुणे आणि कर्नाटक अशी दोन विद्यापीठं झाली आणि बेळगावची कॉलेजं कर्नाटक विद्यापीठाकडे गेली. त्या विद्यापीठाचं ठाणं धारवाडला. डी. सी. पावटे यांनी १९५४ ते १९६७ अशी तेरा वर्षं कुलगुरुपद सांभाळून ते उभं केलं. ते आपल्याच जिल्ह्यातल्या गोकाक तालुक्याचे.

इथं एक गोष्ट नव्या पिढीला समजावून सांगायला हवी. 'संलग्न कॉलेज' म्हणजे काय? शिकवायचं कॉलेजने, पेपर काढायचे आणि पदवी द्यायची विद्यापीठाने. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी पदवी हातात पडेपर्यंत विद्यापीठाची इमारत पाहिलेली नव्हती. धारवाड म्हणजे हॉल तिकिटावरचा शिक्का आणि गुणपत्रिकेवरची सही. विद्यापीठात खरोखर जाऊन शिकायचं ते एम.कॉम.ला. म्हणजे बी.कॉम. गावात, एम.कॉम. विद्यापीठात, अशी आमची शिडी होती. शिवाय मधल्या पायऱ्यांवरून उडी मारणारेही होते : एक-दोन वर्षं इथं करून पुढची पुण्याला किंवा कोल्हापूरला.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्या इतिहासात आज शिरत नाही, त्यावर ग्रुपवर माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत. विद्यार्थ्यापुरतं सांगायचं तर पदवी म्हैसूर राज्यातल्या विद्यापीठाची, घरची भाषा आणि शाळा मराठी, आणि नातेवाईक, सोयरीक, नोकरीची आशा सगळं कोल्हापूर-पुण्याकडे. १८ नोव्हेंबर १९६२ ला डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं आणि ही ओढ आणखी वाढली. बेळगावहून धारवाड पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर, कोल्हापूर एकशेदहा. मधे राज्याची हद्द.

मी १९६७ ला एस.एस.एल.सी. झालो, मराठी माध्यमातून. तेव्हा पी.यू.सी. एकच वर्षाची होती. कर्नाटकात ती दोन वर्षांची झाली १९७१ नंतर. टिळकवाडीतलं कॉलेज घरापासून चालत अर्ध्या-पाऊण तासावर. रेल्वे गेट बंद असेल तर गेटमनच्या नावाने बोटं मोडत आणखी दहा मिनिटं. आमचे वर्ग सकाळचे असत, त्यामुळे दुपारी पोरं मोकळी. कुणी शेतात, कुणी मागावर, कुणी उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात हजेरीपट भरायला. मी वडिलांच्या दुकानात. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचं कॉलेज या एकाच कारणाने शक्य झालं. जेवण घरचं, कपडे थोरल्या भावाचे, पुस्तकं जुन्या बाजारातली, आणि दिवसाची मजुरी बुडत नाही. फी भरायला घरात नड असायचीच, पण पोरगा हाताशी राहतोय म्हटल्यावर आई-वडील 'जा' म्हणायचे. तोच पोरगा धारवाडला ठेवायचा म्हटला तर खोली, मेस आणि फी मिळून माझ्या वडिलांचा निम्मा पगार गेला असता, आणि दुकानातला माझा हातही गेला असता.

अडचण होती ती इंग्रजीची. अकरावीपर्यंत गणितसुद्धा मराठीत केलेलं. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर लिहिलं 'गुडविल'. आम्हाला वाटलं सदिच्छा वगैरे काहीतरी असेल. सर म्हणाले, "रविवार पेठेत दोन दुकानं शेजारी-शेजारी आहेत. माल तोच, भाव तोच. खरं गिऱ्हाईक एकाकडेच जातं. का? त्या 'का'ची किंमत म्हणजे गुडविल." मराठीत सांगितलं, मागच्या बाकांकडे वळून कानडीत सांगितलं, आणि मग म्हणाले, आता हेच पेपरात इंग्रजीत लिहायचं. तीन भाषांतून आमचं कॉमर्स झालं. पुस्तकं म्हणजे बाटलीबॉय, शुक्ला-ग्रेवाल, पुढे बँकिंगला टॅनन. एक-एक परिच्छेद डिक्शनरी घेऊन वाचायचा. पाठांतरावर पास होणारे होते, पण ज्याला हिशेबाचं अंग होतं त्याला इंग्रजी तोकडं असूनही पुढे जाता यायचं. आकडे कुठल्या भाषेत असतात?

मी घरी बाटलीबॉयमधली गणितं सोडवायचो तेव्हा वडील चष्मा वर करून बघायचे. डेबिट डावीकडे, क्रेडिट उजवीकडे बघून ते म्हणाले, "तुमच्या साहेबांनी नावे-जमा उलटं धरलंय की रे." आणि ते खरंही होतं. देशी नाम्यात जमा डावीकडे, इंग्रजी पद्धतीत डावी बाजू डेबिटची. एकदा हा आरसा लक्षात आल्यावर मला अकाउंट्स कधी जड गेलं नाही. चार पिढ्यांची पेठेतली विद्या आणि मुंबईहून आलेलं पुस्तक आमच्या स्वयंपाकघरातल्या कंदिलाखाली समोरासमोर आली होती.

आता दुसऱ्या टप्प्याकडे येतो, कारण खरी चाळण तिथे लागायची.

गावातल्या कॉलेजातून विद्यापीठाकडे जायला तीन गोष्टी लागायच्या : पैसा, कागद आणि घरची संमती. पैशाचं सांगितलंच. कागदांचं ऐका. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर आधी कॉलेजचा दाखला, मग जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट, मग नव्या विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र. शिवाय विषय जुळले पाहिजेत. इथं पहिल्या वर्षाला जे पेपर झाले ते तिथल्या पहिल्या वर्षाला आहेत का, नसतील तर जादा पेपर द्यायचा का, हे तिथला कारकून ठरवणार.

आमच्या गल्लीतला एक मित्र, माझ्यापेक्षा हुशार, इथं बी.कॉम.चं पहिलं वर्ष करून पुढे मामाकडे राहून दुसऱ्या गावी शिकणार होता. एका कार्यालयाने मूळ गुणपत्रिका मागितली. ती दुसऱ्या कार्यालयात मायग्रेशनसाठी दिलेली. ते म्हणाले, प्रवेशाचं पत्र दाखवा मग सर्टिफिकेट देतो. हे म्हणाले, सर्टिफिकेट दाखवा मग प्रवेश देतो. पत्रं टपालाने जायची-यायची. प्रवेशाची तारीख निघून गेली. इथल्या कॉलेजातून नाव काढलेलं, तिथे लागलेलं नाही. वर्ष गेलं, आणि वर्षाबरोबर वडिलांचा धीरही गेला. तो उद्यमबागेत एका फाउंड्रीत हिशेबनीस म्हणून लागला. पुढे बाहेरून परीक्षा देऊन पदवी घेतली त्याने, पण वयाच्या तिशीत, दोन मुलांचा बाप झाल्यावर. नापास तो एकदाही झाला नव्हता.

निपाणीत तर हा प्रकार आणखी गमतीचा. नोकरीत माझी काही वर्षं निपाणीला गेली, त्यामुळे जवळून पाहिलाय. निपाणी कर्नाटकात. निपाणीला अगदी चिकटून अर्जुननगर, पण ते कागल तालुक्यात, जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र. तिथलं देवचंद कॉलेज शिवाजी विद्यापीठाचं. निपाणी गावातलं केएलईचं बागेवाडी कॉलेज त्या काळी कर्नाटक विद्यापीठाचं. एकाच घरातले दोन भाऊ सकाळी एकाच दारातून बाहेर पडून दोन राज्यांतल्या दोन विद्यापीठांत बी.कॉम. करू शकत. परीक्षेच्या तारखा वेगळ्या, पेपर वेगळे, निकाल वेगळे. आणि एका कॉलेजातून दुसऱ्यात जायचं तर तेच मायग्रेशन, तीच पात्रता, जणू काही माणूस परदेशी चाललाय. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिणाऱ्या पोरांना मात्र हे कॉलेज वरदान ठरलं. पायी जाऊन महाराष्ट्रातली पदवी घ्यायची आणि रात्री जेवायला घरी.

तिसरी गोष्ट घरची संमती. मुलांच्या बाबतीत ती पैशावर अडायची, मुलींच्या बाबतीत पैसा असला तरी अडायची. माझी धाकटी बहीण माझ्यापाठोपाठ कॉमर्सला गेली. तेव्हा कॉमर्सला मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कॉलेज चालण्याच्या अंतरावर होतं, जाताना-येताना गल्लीतल्या दोघी सोबतीला होत्या, म्हणून वडिलांनी हरकत घेतली नाही. बी.कॉम.ला तिला माझ्यापेक्षा जास्त गुण. प्राध्यापक घरी येऊन सांगून गेले, हिला एम.कॉम.ला पाठवा. धारवाडच्या लेडीज हॉस्टेलचा फॉर्मसुद्धा आणला होता. आत्या म्हणाली, "पोरीला परगावी ठेवून कुणी सोयरीक आणील काय?" फॉर्म तसाच कपाटात राहिला. लग्न होऊन ती सांगलीकडे गेली. नवऱ्याच्या दुकानाचे सगळे हिशेब, विक्रीकराचे कागद, पुढे जीएसटीसुद्धा तिनेच सांभाळलं. तिला विचारलं तर म्हणते, "दादा, कॉलेज लांब असतं तर मला एवढंसुद्धा मिळालं नसतं." मी यात दोन्ही बाजू बघतो. जवळच्या कॉलेजाने तिला आत घेतलं, आणि पुढचं दार लांब होतं म्हणून ती तिथेच थांबली.

मी स्वतः धारवाडला पोचलो तो वेळेमुळे. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्यानंतर कॉलेजात दुसरा विषय नव्हता. सर म्हणाले, आता खेड्यापाड्यांत शाखा निघणार, पोरांनो, तुमचे दिवस आले. तसंच झालं. तेव्हा देशात बँकांच्या शाखा सुमारे आठ हजार होत्या, १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. प्रत्येक शाखेला लेजर लिहिणारा माणूस पाहिजे होता. त्याच सुमारास बेळगावात इंडालचा अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना आला, उद्यमबागेत फाउंड्र्या वाढत होत्या. 'कॉमर्स म्हणजे काय, दिवाणजीच होणार ना?' म्हणणारे नातेवाईक बी.कॉम. मुलाचा फोटो मागू लागले! वडिलांनाही हुरूप आला. मालकाकडून उचल घेऊन त्यांनी मला दोन वर्षं धारवाडला ठेवलं. मीटरगेजच्या गाडीतून पत्र्याची ट्रंक घेऊन मी छोटा महाबळेश्वरच्या टेकडीवरच्या त्या विद्यापीठात पहिल्यांदा गेलो, तेव्हा एवढी मोठी लायब्ररी आयुष्यात पाहिली नव्हती.

तिथे एक गोष्ट लक्षात आली. हुबळी-धारवाडच्या मोठ्या कॉलेजांतून आलेली पोरं इंग्रजी फाडफाड बोलायची. पहिले तीन-चार महिने आम्ही बेळगावची, निपाणीची, खानापूरची पोरं वर्गात गप्प. खरं पहिली अंतर्गत परीक्षा झाल्यावर कॉस्टिंगमध्ये वर आम्हीच होतो. गावच्या कॉलेजात वर्ग लहान, सर नावाने ओळखणारे, चुकलेलं गणित परत करून घेणारे. पाया पक्का होता. कमी होतं ते बोलणं आणि धिटाई, आणि ते सहा महिन्यांत आलं.

आता हे सगळं आज का आठवलं ते सांगतो. माझ्या पुतण्याचा मुलगा कॅलिफोर्नियात आहे. तिथलाच जन्म. गेल्या वर्षी बारावी झाल्यावर तो बिझनेस शिकायला कम्युनिटी कॉलेजात गेला. दोन वर्षं तिथे करून मग विद्यापीठात ट्रान्स्फर होणार. ही बातमी आपल्या नातेवाइकांत पोचली तेव्हा सूर असा होता की बिचाऱ्याला कुठे प्रवेश मिळाला नाही वाटतं. सूनबाई तर व्हिडिओ कॉलवर कॉलेजचं नाव घ्यायचं टाळते. फोनवर त्याने मला विचारलं, "आजोबा, तुम्हालापण असंच वाटतं का?" मी म्हटलं, "अरे, मी काय वेगळं केलं?"

मग मी माझ्या सवयीने माहिती काढली. अमेरिकेत ही पद्धत १९०१ पासूनची. शिकागोजवळच्या जोलिएट गावात हायस्कूलच्या इमारतीतच सहा विद्यार्थ्यांना घेऊन पदवीची पहिली दोन वर्षं शिकवायला सुरुवात झाली. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएट हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅनली ब्राउन यांची ही कल्पना. पोरांनी घरी राहून पहिली दोन वर्षं करावीत, पुढची विद्यापीठात. त्याला ते 'ज्युनिअर कॉलेज' म्हणत. आपल्याकडे महाराष्ट्रात अकरावी-बारावीला ज्युनिअर कॉलेज म्हणतात आणि कर्नाटकात पी.यू. कॉलेज, पण ते पदवीच्या आधीचं. त्यांचं ज्युनिअर कॉलेज म्हणजे पदवीचीच पहिली दोन वर्षं. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांची शिक्षणासाठी रीघ लागली, आणि १९४७ च्या ट्रूमन आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द रूढ केला. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये आराखडाच केला की राज्याच्या विद्यापीठांनी या कॉलेजांतून येणाऱ्यांना तिसऱ्या वर्षात जागा ठेवायच्या.

आता एक बँकवाला म्हणून आकडे बघू. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर फी. ट्रान्स्फरसाठी साधारण ६० सेमिस्टर युनिट लागतात. गुणाकार करा, २७६० डॉलर. दोन वर्षांची फी एवढीच, आणि जेवणखाण घरी. त्याच राज्यातल्या मोठ्या विद्यापीठात एका वर्षाची फी याच्या चौपटीहून जास्त. विषय कुठले? फायनान्शियल अकाउंटिंग, मॅनेजेरियल अकाउंटिंग, अर्थशास्त्राचे दोन पेपर, स्टॅटिस्टिक्स, बिझनेस लॉ. म्हणजे आपलं एफ.वाय.-एस.वाय. बी.कॉम.च की हो! आणि मिळणाऱ्या पदवीवर विद्यापीठाचं नाव, पहिली दोन वर्षं कुठे केली ते त्यावर नसतं. आमच्या पदवीवरही धारवाडचंच नाव होतं.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ताळेबंद अपुरा राहील. कम्युनिटी कॉलेजात जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना पुढे पदवी घ्यायची इच्छा असते. प्रत्यक्षात विद्यापीठात पोचतात साधारण एक तृतीयांश, आणि सहा वर्षांच्या आत पदवी पूर्ण करतात त्या सुमारे सोळा टक्केच. का अडतात? ऐका : काम करून शिकताना विषय मागे राहतात, घेतलेले विषय पुढच्या विद्यापीठाला चालत नाहीत, क्रेडिट बुडतात, घरची अडचण येते. पैसा, कागद, घर. साठ वर्षांपूर्वीच्या अनगोळच्या पोरांची आणि आजच्या अमेरिकन पोरांची अडायची जागा तीच. फरक एवढाच की कॅलिफोर्नियात कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या विद्यापीठात धरतात याची यादी इंटरनेटवर आधीच बघता येते, आणि काही विद्यापीठं ठरावीक गुण मिळवले तर प्रवेशाची लेखी हमी देतात. माझ्या त्या मित्राच्या हातात असा एक कागद असता तर त्याचं वर्ष गेलं नसतं.

आपल्याकडेही बदल होतोय. बेळगावला २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, त्यामुळे आता एम.कॉम.साठी धारवाड गाठायची सक्ती नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात एक वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, आणि मिळवलेली क्रेडिट्स बँकेत ठेवल्यासारखी जमा करून दुसरीकडे वापरायची सोय सांगितली आहे. तिचं नावच 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'. नाव ऐकून मला बरं वाटलं. पण बँकेत चाळीस वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, खातं उघडणं सोपं. एका शाखेत जमा केलेलं दुसऱ्या शाखेत बिनतक्रार मिळतं का, यावरच बँकेची पत ठरते. सीमाभागातल्या पोरांना हे आणखी महत्त्वाचं, कारण त्यांची दुसरी शाखा बहुतेक वेळा दुसऱ्या राज्यात असते.

ग्रुपवरच्या आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी घराजवळच्या साध्या कॉलेजात कॉमर्स करणार म्हणाली तर तोंड पाडू नका. परगावच्या नामांकित कॉलेजासाठी कर्ज काढण्याआधी हे विचारा : पहिली दोन-तीन वर्षं इथं करून पुढे कुठं जायचं, हे ठरलंय का? ठरलं असेल तर तिथल्या प्रवेशाच्या अटी आजच लिहून घ्या, म्हणजे विषय त्याप्रमाणे घेता येतील. मूळ गुणपत्रिका आणि दाखल्यांच्या साक्षांकित प्रती घरात ठेवा. आणि पोरगी हुशार असेल तर पहिल्या टप्प्याला जेवढी मोकळीक दिली तेवढीच दुसऱ्याला द्या. हॉस्टेलचा फॉर्म कपाटात ठेवू नका.

कॅलिफोर्नियातल्या पोराचा ट्रान्स्फरचा अर्ज येत्या नोव्हेंबरात जायचा आहे. पहिल्या वर्षाला अकाउंटिंगमध्ये 'ए' आहे. डेबिट-क्रेडिट अडतंय म्हणाला होता, तेव्हा मी त्याला त्याच्या पणजोबांचं नावे-जमा फोनवरून समजावून दिलं.

आपल्यापैकी कुणाकडे त्या काळच्या बेळगाव-निपाणीच्या कॉलेजांचे फोटो, जुनी गुणपत्रिका किंवा मायग्रेशन सर्टिफिकेट असेल तर जरूर टाका. आणि १९६५ ते ७५ या काळात अनगोळ, वडगाव, शहापूर, मजगावहून कॉमर्सला जाणाऱ्या मुली कोण कोण होत्या, हे कुणाला आठवत असेल तर त्यांच्याविषयी नक्की लिहा. त्यांची हकिगत माझ्यापेक्षा त्यांनीच सांगितलेली बरी.